मॅगर्डबाईंची सही

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय रेव्हरंड थर्मन गिली, व्यासपीठावर बसलेले परवाना कार्यालयाचे विभागप्रमुख माननीय लायल प्रॅटरसाहेब, ज्यांच्यासाठी आपण सगळी कामं टाकून इथे जमलो त्या सत्कारमूर्ती आर्लीना मॅगर्डबाई, त्यांचे कार्यालयातले सहकारी, आणि समोर बसलेल्या, राय फोर्कच्या आणि आसपासच्या खोऱ्यांतून आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी झेल्मा नेपियर. तुमच्यापैकी निम्म्यांना मी शाळेच्या ग्रंथालयात कधी ना कधी गप्प बसवलेलं आहे. ग्रंथपाल बाईला आयुष्यभर एकच वाक्य बोलायची सवय असते, 'हळू बोला'. त्यामुळे भाषण वगैरे माझा प्रांत नव्हे. पण प्रॅटरसाहेबांचा फोन आला. म्हणाले, "बाई निवृत्त होताहेत. खोऱ्यातलं कोणीतरी बोललं पाहिजे. दोन गोड शब्द बोला."

मी लगेच आर्लीनाला फोन केला. एरवी मी तिला एकेरीतच हाक मारते, आज व्यासपीठाचा मान म्हणून बाई म्हणायचा प्रयत्न करीन. मधेच घसरले तर समजून घ्या. तर मी म्हटलं, "तुझ्याबद्दल गोड बोलायला सांगितलंय."

ती म्हणाली, "गोड बोललीस तर मी उठून घरी जाईन. केक तसाच राहील."

"मग काय बोलू?"

"राय फोर्कचं बोल. सगळं बोल."

केक मी स्वतः बघितलाय. तो तसाच राहणं कोणालाच परवडणार नाही. तेव्हा मी राय फोर्कचं बोलते.

मॅगर्डबाईंचं काम काय होतं, हे इथल्या जुन्या लोकांना सांगायला नको. कोळशाची कंपनी डोंगर वरून कापायचा म्हणून अर्ज करते. किती कापणार, वरची माती कुठे ठेवणार, निघालेला मलबा कुठे टाकणार, पाण्याचं काय होणार, आणि कोळसा काढून झाल्यावर डोंगर परत जवळपास होता तसा कसा करणार, असं सगळं त्यात लिहिलेलं असतं. तो अर्ज बाई वाचायच्या. शंका काढायच्या. सगळं नियमात बसलं की सही करायच्या. आणि शेवटी डोंगर खरंच परत ठेवलाय का, हे चालत जाऊन बघायच्या. मी एकदा त्यांना विचारलं होतं, "डोंगर परत ठेवता येतो का गं?" त्या म्हणाल्या, "आकार ठेवता येतो."

ब्लॅक लॉरेल कंपनीने बकआय डोंगरासाठी अर्ज केला तेव्हा माझे वडील, होबर्ट डीटन, राय फोर्कच्या वरच्या टोकाला राहत होते. घर त्यांच्या आजोबांनी बांधलेलं. मागे झरा. आणि घराच्या वर, डोंगराच्या सोंडेवर, आमचं कबरस्तान. माझी आई तिथे आहे. कंपनी डोंगराचा माथा कापून सगळा मलबा त्याच खोऱ्यात, घराच्या वरच्या अंगाला भरणार होती.

सुनावणी शाळेच्या व्यायामशाळेत झाली. एका बाजूला कंपनीच्या टोप्या घातलेली माणसं. त्यात माझा नवरा, कॉर्बेट. तो ब्लॅक लॉरेलमध्ये बुलडोझर चालवायचा. तो आज मागच्या रांगेत बसलाय, आणि मी त्याचं नाव घेतल्याबरोबर बूट बघायला लागलाय. दुसऱ्या बाजूला खोऱ्यातली माणसं. त्यात माझे बाबा. दोघांचे डबे मीच भरून दिले होते. सारखेच. घेवडा आणि मक्याचा पाव.

कंपनीच्या इंजिनिअरने नकाशा दाखवला. म्हणाला, "हे बघा, डीटन कुटुंबाचं कबरस्तान. कुंपण आहे, त्याच्या चारही बाजूंनी नियमाप्रमाणे जागा सोडलीय."

बाबा उठले. त्यांना बोलायची भीती कधीच नव्हती. म्हणाले, "साहेब, कुंपणात मावली तेवढीच माणसं मेली, असं नाही आमच्याकडे."

लोक हसले. मॅगर्डबाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीवरून मान वर करून विचारलं, "कुंपणाबाहेर किती आहेत?"

"मोजायला तुम्हीच या की."

आणि त्या खरंच आल्या. वर सोंडेवर गुडघे टेकून पालापाचोळ्याखाली हात घालून दगड चाचपत बसल्या. आमच्या जुन्या लोकांना नाव कोरायची ऐपत नव्हती. डोक्याशी एक दगड, पायाशी एक दगड, एवढंच. लहान मुलाचे दोन दगड अगदी जवळ जवळ असतात. असे दोन दगड हाताला लागले तेव्हा बाईंनी दोन्हींवरचा पाला हाताने झाडला आणि मगच वहीत नोंद केली. बाबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरी, ही बाई नकाशातली नाही."

बाईंनी हद्द मागे सरकवायला लावली. कंपनीने कुरकुर केली, पण सरकवली. एकही कबर हलली नाही. आणि मला वाटतं, वाईट झालं ते तिथेच. बाबांनी विश्वास टाकला. जी बाई मेलेल्यांकडे इतकं नीट बघते, ती जिवंतांच्या पाण्याकडेही तसंच बघेल, असं ते धरून चालले.

पाण्याबद्दल बाईंनी कंपनीला दोनदा लेखी विचारलं होतं. कंपनीने निरीक्षणासाठी विहिरी खोदल्या, आकडे पाठवले. आकडे चांगले होते. त्या विहिरी नेमक्या कुठे आहेत हे डोंगराच्या मागच्या अंगाला जाऊन बघायला हवं होतं. पण बर्फ पडला होता, वाट बंद होती, आणि कायद्याने दिलेली मुदत संपत होती. अर्ज पूर्ण होता. उत्तरं नियमात बसत होती. बाईंनी सही केली.

हे मी सांगतेय, कारण त्यांनीच सांगायला सांगितलंय. अध्यक्ष महाराज, आपण घड्याळाकडे बघू नका. बॅप्टिस्ट मंडळींना तुमच्या प्रवचनांमुळे बसायची सवय आहे.

मग सुरुंग सुरू झाले. बाबांच्या फडताळातल्या बश्या वाजायच्या. माथा खाली खाली येत गेला आणि आमचं कबरस्तान मात्र जागच्या जागी राहिलं. चारही बाजूंनी डोंगर कापलेला, उभ्या कडा, आणि मधे वर एक हिरवा तुकडा, त्यावर आई, आजी-आजोबा आणि ते बिननावाचे दगड. एखाद्या टेबलावर ठेवल्यासारखे. वर्षातून एकदा येणाऱ्या, कबरी सजवायच्या रविवारी बाबांना आईपर्यंत जायचं तर कंपनीच्या चौकीवर नाव लिहायचं, कंपनीच्या गाडीत बसायचं आणि डोक्यावर शिरस्त्राण घालायचं. चौकीवरचा पोरगा म्हणाला, "आजोबा, टोपी घालावी लागेल. सुरक्षेचा नियम आहे."

बाबा म्हणाले, "वर सगळे आधीच मेलेले आहेत रे. टोपी कोणासाठी?"

पण घातली. एका हातात फुलं, डोक्यावर पिवळी टोपी. मी त्यांच्या मागे चालत होते आणि खालच्या बाजूला बुलडोझर चालत होता. तो कोण चालवतोय, हे मला आवाजावरून कळत होतं.

मित्रहो, अपराधी वाटणं म्हणजे काय, हे मला कोणी विचारलं तर मी पुस्तकात शोधणार नाही. आमच्या घरावर नवं छप्पर आलं ते बकआय डोंगरातून आलं. आमची लेक परिचारिका झाली ती बकआय डोंगरावर. कॉर्बेट चोर नव्हता. पहाटे उठून जायचा, पाठ धरून परत यायचा. त्याने मुलांसाठी काय वेगळं करायचं होतं? या खोऱ्यात दुसरं काम होतं कुठे? तरी रविवारी मी बाबांना जेवायला बोलवायची आणि ते यायचे नाहीत. एकदा मी फारच आग्रह केला. तेव्हा म्हणाले, "राग नाही गं पोरी. पण त्या घरात माझा डोंगर शिजतो. मला घास उतरत नाही."

मला उतरत होता. रोज उतरत होता. ते अजून माझ्या घशात आहे.

मग झऱ्याचं पाणी बदललं. आधी कमी झालं, मग नारिंगी झालं. बाबांच्या पांढऱ्या चादरी गंजासारख्या निघायला लागल्या. मग एके दिवशी दगडांवर नुसता नारिंगी चिखल राहिला. बाबांनी तक्रार केली आणि मॅगर्डबाई आल्या.

मी त्या दिवशी बाबांच्या स्वयंपाकघरात होते. बाई दारात उभ्या राहिल्या. बाबांनी बस म्हटलं नाही. विचारलं, "परवान्यावर सही कोणाची आहे?"

"माझी."

"एकटीची?"

"खाली साहेबाची आहे. पण तपासलं मी. साहेबाने माझ्या सहीवर विश्वास ठेवून सही केली."

मला वाटलं होतं, त्या म्हणतील, कंपनीने फसवलं. किंवा, नियमच तसा होता. दोन्ही खरं होतं. त्यांनी दोन्हींतलं एकही म्हटलं नाही. बाबांनी कॉफी केली, कप पुढे ठेवला. म्हणाले, "घे. पाणी दुकानातलं आहे." बाईंनी कप हातात धरला आणि त्यांना ती पिता येईना. बाबा बघत बसले. शेवटी म्हणाले, "पी. टाकायचं पाणी नाही हे."

ती कॉफी संपवून बाई उठल्या आणि थेट डोंगराच्या मागच्या अंगाला गेल्या. कंपनीच्या विहिरी तिकडच्या उतारावर होत्या, जिथे खडकाचे थर आमच्यापासून दूर कलतात. तिथलं पाणी कधीच राय फोर्ककडे येत नव्हतं. म्हणजे कंपनीने तपासलं होतं खरं, पण भलतंच पाणी. खरं बोलून फसवणं कसं असतं, ते तिथे बघायला मिळालं.

आता खरी गोष्ट ऐका. चालू परवाना पुन्हा तपासायला काढायचा तर तपासणाऱ्याला कारण लिहावं लागतं. प्रॅटरसाहेब तेव्हा साहेब नव्हते, बाईंच्या शेजारच्या टेबलावर बसायचे. त्यांनीच मला मागे सांगितलं. कार्यालयातल्या सगळ्यांनी बाईंना समजावलं, "आर्लीना, 'नवीन माहिती हाती आली' असं लिही. सगळे असंच लिहितात. 'चुकलं' असं लिहू नकोस. वकील तुला फाडून खातील." बाई म्हणाल्या, "माहिती नवी नव्हती. बघणं नवं होतं." आणि त्यांनी लिहिलं की माझा आधीचा निष्कर्ष चुकीचा होता, मी जागेवर जाऊन खात्री केली नाही.

साहेब, मान हलवताय म्हणजे मी बरोबर सांगतेय.

वकिलांनी खाल्लंच. दोन दिवस बाई साक्षीच्या खुर्चीत होत्या. कंपनीचा वकील म्हणाला, "म्हणजे बाई, आपण चुकता. मग आज चुकत नाही कशावरून?" बाई म्हणाल्या, "खात्री नाही. म्हणूनच मी एकटीने ठरवू नये. आणखी कोणाला तरी तिथे चालत पाठवा." वर्तमानपत्रात त्यांच्याबद्दल काय काय छापून आलं ते मी इथे वाचून दाखवत नाही, ग्रंथालयात ते सगळे अंक आहेत. बढती मिळायची होती, ती मिळाली नाही. पण दुसरी माणसं आली, चालली, त्यांनीही तेच सांगितलं. परवाना स्थगित झाला. खाण थांबली.

टाळ्या वाजवू नका. थांबा जरा. खाण थांबली म्हणजे कॉर्बेट घरी आला. त्याच्याबरोबर या खोऱ्यातली किती माणसं घरी आली, ती तुमच्यातच बसलेली आहेत. कोणी ओहायोला गेलं. कोणी गाडी विकली. सुरुंग थांबले आणि मला हायसं वाटलं. त्याच संध्याकाळी नवऱ्याचा चेहरा बघून हायसं वाटल्याची लाज वाटली. माणसाला एकाच दिवशी दोन्हीकडून अपराधी वाटू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

कॉर्बेटने एकदा बाईंना पेट्रोल पंपावर गाठलं. त्याने रस्ताभर वाक्य पाठ केलं होतं, हे मला नंतर कळलं. म्हणाला, "बाई, चूक तुमची. मग शिक्षा आम्हाला का?"

बाई म्हणाल्या, "खरं आहे. चूक माझी आहे. शिक्षा तुम्हाला झाली."

बस. एवढंच. कॉर्बेट घरी आला आणि टोपी टेबलावर आपटून म्हणाला, "भांडायला गेलो होतो. ती हो म्हणाली. आता मी भांडू कोणाशी?"

मग हुकूम निघाला की कंपनीने राय फोर्कला नळाचं पाणी द्यावं आणि डोंगर पूर्ववत करावा. त्यासाठी माणसं लागणार होती. जो बुलडोझर डोंगर उतरवायला होता, तोच डोंगर चढवायला लागला, आणि वर बसलेला माणूसही तोच. कॉर्बेटची आणि बाईंची खरी लढाई इथे झाली. कॉर्बेटला त्याच्या कामाचा अभिमान. त्याने एक उतार असा गुळगुळीत करून ठेवला की वाटावं इस्त्री केलीय. बाई आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "हे सगळं उकरून मोकळं करा."

"काय?"

"दाबलेल्या मातीत झाडाचं मूळ जात नाही. गवत येईल, झाड येणार नाही. ढीग टाका आणि तसेच सोडा."

"बाई, मी आयुष्यभर जमीन सारखी करतोय. असं ओबडधोबड सोडून गेलो तर लोक म्हणतील, कॉर्बेट नेपियर पिऊन कामावर होता."

"म्हणू देत. ओकचं झाड म्हणणार नाही."

तो चिडला, पण उकरलं. आणि त्या दिवसापासून माझे बाबा घडीची खुर्ची घेऊन तिथे बसायला लागले. जावयाशी ते वर्षानुवर्षं बोलले नव्हते. आता बोलायला लागले, पण कसं? तर लांबून ओरडून. "जावईबापू, तो ढीग वाकडा पडला!" कॉर्बेट इंजिन बंद करायचा आणि म्हणायचा, "वाकडाच पाहिजे म्हणालीय तुमची ती बाई!" "मग अजून वाकडा टाका! तुम्हाला धड वाकडंही टाकता येईना!" दुपारी मी डबा घेऊन जायची. एक दिवस बघते तर दोघं एकाच डब्यातून घेवडा खाताहेत. मी तशीच माघारी फिरले. बोलले असते तर दोघांनीही चमचे खाली ठेवले असते.

ओक, ट्यूलिपची झाडं, हिकरी, सगळं लावलं गेलं. कबरस्तानाच्या चहूबाजूंनी माती चढवत चढवत शेवटी तो तुकडा पुन्हा डोंगराला जोडला गेला. बाबा चौकीवर सही न करता, टोपी न घालता आईकडे जाऊ लागले.

झरा मात्र परत आला नाही. बाईंनी त्यासाठी सगळं करून बघितलं. तज्ज्ञ आणले, खडक तपासले, सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या गाडीने येऊन त्या दगडांशी उभ्या राहायच्या. नाही आला. तो येणारही नाही.

बाबांच्या शेवटच्या आजारपणात बाई भेटायला आल्या. खाटेजवळ बसल्या. म्हणाल्या, "होबर्ट, मला माफ करा असं मी म्हणणार नाही."

बाबा म्हणाले, "म्हणू नकोस. कारण मी करणारही नाही. माझ्या आजोबांपासूनचं पाणी होतं ते." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण येत जा. मी नसलो तरी येत जा. झेल्मा घेवडा बरा करते."

रेव्हरंड गिली, आपण तेव्हा मला म्हणाला होतात की मरणाऱ्या माणसाने माफ करायला हवं होतं. मी त्यावर खूप विचार केला. मला वाटतं, बाबांकडे जे होतं ते त्यांनी दिलं. जे नव्हतं ते देण्याचं नाटक केलं नाही. आणि बाईंनाही ते नाटक सोसलं नसतं. त्या येत राहिल्या. आजवर येताहेत.

इथेच मी थांबणार होते. भाषण मी एवढंच लिहून आणलं होतं. पण या आठवड्यात जे झालं, ते सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही, आणि ते सांगायची परवानगी मी घरातून घेऊन आलेय.

कंपनीने अर्ज केलाय की राय फोर्कचं काम पूर्ण झालं, आता सरकारकडे ठेवलेली आमची हमीची रक्कम मोकळी करा. एकदा हमी मोकळी झाली की कंपनीचा डोंगराशी संबंध संपला. पुढे काही झालं तर आम्ही आणि आमचं नशीब. हा अर्ज बाईंच्या टेबलावर त्यांच्या शेवटच्या आठवड्यात आला. मंगळवारी त्या तपासणीला आल्या. लागून असलेली बाबांची जमीन आता आमची, म्हणून मी आणि कॉर्बेट बरोबर गेलो. सगळं चाललो. झाडं कॉर्बेटच्या डोक्याच्या वर गेलीत. उतार नियमात, गवत नियमात. शेवटी खोऱ्यात टाकलेल्या मलब्याच्या भरावाच्या पायथ्याशी आलो. तिथे दगडांतून थोडं पाणी झिरपत होतं. थोडंच. नारिंगी.

बाईंनी नमुना घेतला. म्हणाल्या, "आजचा आकडा मर्यादेत येईल. नियमाप्रमाणे मला हे मंजूर करावं लागेल. मी नुसत्या मनात आलं म्हणून अडवलं, तर वकील म्हणतील बाई जाता जाता सूड उगवतेय, आणि माझा आक्षेप एका दिवसात फेटाळला जाईल." मग नमुन्याची बाटली पिशवीत ठेवली. आमच्याकडे काही मागितलं नाही.

कॉर्बेट वाकला. त्या चिखलात बोट घातलं, चोळलं, हुंगलं. दुसऱ्या दिवशी न्याहारीला बसला तर अंडी तशीच. मी म्हटलं, "बरं नाही का?"

म्हणाला, "झेल्मा, त्या भरावाखाली काय आहे ते मला माहीत आहे."

भरावाच्या तळाशी पाणी निघून जायला कठीण दगडाचा थर टाकायचा असतो. परवान्यात वालुकाश्म लिहिला होता. पण तो लांबून आणावा लागत होता. मुकादम म्हणाला, हाताशी आहे ते ढकला. हाताशी होता मऊ, पाटीचा दगड, पाण्याने पीठ होणारा. कॉर्बेटने विचारलं होतं. मुकादम म्हणाला, "तुला बुलडोझर चालवायला ठेवलाय की परवाना वाचायला?" कॉर्बेटने ढकलला. वर डोंगराएवढा मलबा पडला आणि विषय पुरला गेला.

"आता त्याचं पीठ होतंय," कॉर्बेट म्हणाला. "निचरा बुजतोय. पाणी आत साठतंय. आज ना उद्या तो सगळा भराव ओला होऊन सुटेल. आणि खाली..."

खाली कोण राहतं, ते तुम्ही सगळे इथे बसला आहात.

मी म्हटलं, "हे सांगितलंस तर तुला कोर्टात उभं करतील. इतकी वर्षं गप्प का बसलास विचारतील."

तो म्हणाला, "विचारू देत. तुझ्या त्या बाईला विचारलं तेव्हा ती मेली नाही."

आज सकाळी कॉर्बेट नेपियर स्वच्छ सदरा घालून परवाना कार्यालयात गेला आणि स्वतःच्या नावाने आक्षेप नोंदवला. भरावाखाली काय टाकलं, कोणी टाकलं, हे सगळं सांगितलं. टाकणाऱ्यात पहिलं नाव त्याने स्वतःचं घातलं. मॅगर्डबाईंनी हमी रोखली आणि भराव खोदून तपासायचा आदेश काढला. सोमवारपासून त्या साध्या नागरिक असतील, आदेशाच्या मागे लागायला दुसरं कोणी असेल. पण सुनावणीला कॉर्बेटच्या शेजारच्या खुर्चीवर बसायला येते, असं त्यांनी त्याला सांगितलंय. तो म्हणाला, "कशाला उगाच?" त्या म्हणाल्या, "कारण तिथे पाणी प्यायला कोणी देत नाही. मला माहीत आहे."

त्याने मला फक्त एक सांगितलं, "लोकांना तू सांग. वकिलासमोर मी बोलीन. शेजाऱ्यांसमोर मला जमणार नाही." म्हणून मी सांगितलं. तेव्हा कार्यक्रम संपल्यावर कोणाला कॉर्बेटशी बोलायचं असेल, रागाने बोलायचं असलं तरी, तो कुठे पळून जाणार नाही. आणि वरच्या टोकाला राहणाऱ्यांनी जोराचा पाऊस लागला तर रात्री शाळेत झोपायला यावं. खोदकाम होईपर्यंत चाव्या माझ्याकडे आहेत.

मॅगर्डबाई, तुमच्या हातून आमचं पाणी गेलं. तुम्ही ते कधी दुसऱ्याच्या नावावर टाकलं नाहीत. आम्हीही टाकणार नाही. येत जा.

ज्या भगिनींनी सकाळपासून स्वयंपाक केला, ज्यांनी खुर्च्या मांडल्या, ज्या रेव्हरंड गिलींनी हे सभागृह दिलं, आणि ज्या प्रॅटरसाहेबांनी गोड बोलायला सांगून हे ऐकून घेतलं, त्या सर्वांची मी ऋणी आहे. माझ्या बोलण्यात नावं मागे-पुढे झाली असतील, कोणाचा मान राहून गेला असेल, तर ते माझं अज्ञान समजून पदरात घ्यावं. पण ऐकताना कोणाच्या मनाला काही टोचलं असेल, तर त्याबद्दल मी क्षमा मागत नाही. ते घरी घेऊन जा, आम्हीही घेऊन चाललोय.